ठेवणीतले बूट

"पळायला काय लागतं हो वहिनी? दोन पाय!" असं हसत म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला स्टूल देते आणि बूट-मोजे काढायला सांगते. मोजा निघाला की वाद मिटतो. अंगठ्याचं नख काळं पडलेलं असतं, टाचेवर जुन्या फोडाची खूण असते, करंगळी शेजारच्या बोटाखाली दडपून बसलेली असते. दोन पाय लागतात हे खरंच आहे. पण ते शेवटच्या किलोमीटरपर्यंत धड राहावे लागतात, आणि तिथे माझा धंदा सुरू होतो.

मी स्वतः पळत नाही. प्रत्येक जण विचारतो म्हणून आधीच सांगून टाकते. मी दिवसभर दुकानात उभी असते, माळ्यावर चढते, उतरते आणि लोकांच्या पायांपाशी बसते. हलवाई काही रोज पेढे खात नाही.

माझं माहेर धुळ्याचं, सासर जळगावचं. लग्न होऊन आले तेव्हा आमचं दुकान शाळेच्या काळ्या बुटांचं होतं. जूनमध्ये झुंबड, दिवाळीत थोडी हालचाल, बाकी वर्षभर माश्या. मग मेहरूण तलावावर पहाटे माणसं पळताना दिसायला लागली. आधी डॉक्टर, मग वकील, मग त्यांच्या बायका, मग भरतीची तयारी करणारी खेड्यातली मुलंमुली. पायात जे असेल ते घालून सगळे पळत होते. कॅनव्हासचे, क्रिकेटचे, एक वकीलसाहेब तर कोर्टातल्या काळ्या बुटांत. मी आमच्या यांना म्हटलं, "आपण पळायचे बूट ठेवू."

"जळगावात? ह्या उन्हात? कोण पळणार आहे?"

"जे पळतायत ते."

आज दुकानाची पुढची सगळी भिंत पळण्याच्या सामानाची आहे आणि शाळेचे बूट माळ्यावर गेले आहेत. कल्पना दोघांची होती असं आमचे हे अजून सांगतात. सांगू देत.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पाय सकाळी मोजू नये, संध्याकाळी मोजावा. दिवसभर उभं राहून तो फुगतो आणि पळतानाही तसाच फुगतो. आमच्या खानदेशच्या उन्हात तर जास्तच. मोजताना माणसाला उभं करावं, कारण बसलेला पाय खोटं बोलतो. दोन्ही पाय मोजावेत, कारण कुणाचेही दोन पाय सारखे नसतात, आणि मोठा असेल त्याचं माप धरावं. पुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा सुटली पाहिजे आणि मागे टाच जागची हलता कामा नये. रंग सगळ्यात शेवटी बघावा. लोक बरोबर उलटं करतात.

मोजा सुती नको. सूत घाम पितं आणि धरून ठेवतं, मग ओल्या फडक्याने घासावी तशी कातडी घासली जाते. शर्टाचंही तेच. जिथे जिथे घासतं तिथे आधी व्हॅसलीन लावावं: बोटांच्या मध्ये, काखेत, मांड्यांच्या आत. हे मी पुरुष गिऱ्हाइकांना सांगते तेव्हा ते छताकडे बघतात. बघू देत. दुसऱ्या रविवारी येऊन तेच म्हणतात, "वहिनी, तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

बायकांचं वेगळं. एकदा नशिराबादच्या एका शाळेतल्या बाई आल्या. चाळिशीच्या, तब्येतीने भक्कम, नुकत्याच पळायला लागलेल्या. काउंटरवर वाकून माझ्या कानात म्हणाल्या, "ते... आतलं... पळायचं."

मी यांना चहा प्यायला बाहेर पाठवलं आणि म्हटलं, "बाई, त्याला नाव आहे. स्पोर्ट्स ब्रा. दोनदा मोठ्याने म्हणा, लाज जाते."

त्यांनी एकदाच म्हटलं, पण वर्गात हजेरी घ्यावी तसं खणखणीत. मग मागच्या खोलीत मी त्यांना जागच्या जागी उड्या मारायला लावल्या. ती वस्तू तशीच तपासायची असते, आरशात बघून नाही. बाई उड्या मारत होत्या आणि हसत होत्या. "इतकी वर्षं मला वाटायचं माझा दमच कमी आहे," म्हणाल्या. दम नव्हता कमी. प्रत्येक पावलाला जे दुखत होतं त्याने त्यांना थांबवलं होतं. बायका माझ्याकडे उशिरा येतात, काहीतरी दुखावल्यावर येतात, एवढी खंत मला आहे.

याच्या उलट आमचे बँकेतून निवृत्त झालेले नाना. त्यांनी एका दिवसात बूट, टोपी, कमरेचा पट्टा, त्यात बसणाऱ्या चार बाटल्या, कपाळावरचा दिवा, गॉगल आणि शिट्टी असा ढीग काउंटरवर रचला.

"नाना, तुम्ही तलावाला फेरी मारणार की हिमालयात जाणार?"

"वहिनी, तयारी पूर्ण असावी."

"शिट्टी कशाला?"

"दमलो तर वाजवीन."

मी बूट, टोपी आणि एक बाटली ठेवली, बाकीचं परत भिंतीवर लावलं. जे अंगावर घ्यायचं त्याने आपलं वजन भरून काढलं पाहिजे. नाना चार दिवस रुसले होते. आता ते दर रविवारी पळतात आणि नवीन आलेल्यांना माझंच वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवतात.

पण मला सांगायची आहे ती जयश्रीची गोष्ट.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार होता. शनिवारी आमच्याकडे पायतण विकत घेत नाहीत. दुकान का उघडता मग, असं विचारतात लोक. मला शनिवार आवडतो. घ्यायची घाई नसते, त्यामुळे पाय नीट बघता येतात. संध्याकाळी पारोळ्याकडच्या एका खेड्यातल्या मायलेकी आल्या. आई पन्नाशीची, उन्हाने रापलेली, डोक्यावर पदर, हातात वायरची पिशवी. मुलगी काटकुळी, लांब पायांची. आईने मुलीला स्टुलावर बसवलं आणि मला म्हणाली, "बाई, हिना पाय देख. ही पयस."

अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. पयस म्हणजे पळते. 'हिला ताप येतो' म्हणावं तशा सुरात तिने ते सांगितलं. मी धुळ्याची असल्यामुळे मला बोली कळते. मी तिला अक्का म्हणायला लागले.

जयश्री एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, पारोळ्याच्या कॉलेजात. दहा किलोमीटर पळायची. विद्यापीठाच्या संघात सहा मुली घेतात. आदल्या वर्षी काय झालं असं मी विचारलं तर म्हणाली, "सातवी आले, काकू." शेवटचं वर्ष म्हणजे ही शेवटची निवड. यंदा नाही झालं तर विद्यापीठाचा शर्ट तिच्या अंगावर कधीच येणार नव्हता.

मी तिचा जुना बूट उलटा केला. तळ तव्यासारखा गुळगुळीत झालेला. आतली गादी चपटून पापड झालेली. बाकी बूट मात्र चांगला होता आणि मापाचा होता. टाचेची वाटी शाबूत, शिवण कुठे उसवलेली नाही.

"हे कुणी निवडले?"

"कॉलेजच्या सरांनी. त्यांनीच तुमच्याकडे पाठवलं."

मी तिला उभं केलं, दोन्ही पाय मोजले. सहा नंबर. तिला चार जोड घालून दुकानाबाहेरच्या फरशीवर पळायला लावलं आणि मागून टाचा बघितल्या. तिसरा जोड असा बसला की चौथा बघायची गरजच नव्हती. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "सात नंबर दे बाई."

"अक्का, तिचा पाय सहाचा आहे."

"पोरना पाय वाढी."

"बावीस वर्षांच्या पोरीचा पाय आता नाही वाढत."

"घरम्हा चार जन शेतस. बठ्ठासले येवाले पाहिजे."

आमच्याकडे असंच असतं. छत्री घराची, सायकल घराची, तसे बूटही घराचे, सगळ्यांना आले पाहिजेत. ज्याला गावाला जायचं असेल त्याने घालावेत. मी म्हटलं, "अक्का, बूट घराचा नसतो, पायाचा असतो."

"तुनं दुकान शे, तू तशीच सांगशी."

जयश्री खाली बघून हसत होती. मी तिला बजावलं, "आधी आठ दिवस अंगणात घालून फिर. मग रोज ह्यातच पळ. शर्यतीच्या दिवशी पायाला, पोटाला, अंगाला नवीन काहीही द्यायचं नाही. कळलं?" तिने मान हलवली. अक्कांनीही हलवली. त्यांच्या मानेचा अर्थ मी होकार असा घेतला.

शनिवार असल्यामुळे जोड त्यांनी नेला नाही. मी बाजूला काढून ठेवला. सोमवारी मी माल बघायला इंदूरला गेले होते, तेव्हा अक्का एकट्या येऊन तो घेऊन गेल्या, असं यांनी संध्याकाळी सांगितलं. मी विषय संपला असं समजले.

निवडीची शर्यत हिवाळ्यात, धुळ्याला होती. धुळ्याच्या शर्यतींना मी जाते. आदल्या दिवशी भावाकडे उतरते आणि सकाळी माझा पत्र्याचा डबा घेऊन मैदानावर पोचते. डब्यात कात्री, लेस, चिकटपट्टी, सेफ्टी पिना, व्हॅसलीन आणि मीठ-साखरेच्या पुड्या. मला तिथे कुणी नेमलेलं नाही, पण आता मी दिसले नाही तर सर लोक फोन करतात.

थंडी मोठी होती. मुली हातावर फुंकर मारत मैदानाला फेऱ्या घालत होत्या. पारोळ्याहून पहिल्या बसने मायलेकी आल्या. अक्का जरीकाठाचं लुगडं नेसून, मुलगी पायात साध्या चपला घालून. पायऱ्यांवर बसून अक्कांनी वायरच्या पिशवीतून माझ्या दुकानाचा खोका काढला, देव्हाऱ्यातला डबा उघडावा तसा उघडला, आतला पातळ कागद बाजूला केला. डांबरगोळ्यांचा भपकारा आला.

बूट जसेच्या तसे होते. दुकानातून निघाले त्या दिवशीचे. फरक एवढाच, की दोन्हींच्या नाकावर हळदीकुंकू होतं.

"अक्का, हे काय?"

"दसराले पूजा करी."

"घातले कधी?"

अक्कांना प्रश्नच कळला नाही. "आज घाली ना! आजच तं शर्यत शे."

"मधले इतके दिवस कुठे होते?"

"पेटीम्हा ठेयेल व्हता. मना लुगडास्ना संगे. नवा बूट काय मातीम्हा घालू देऊ का मी?"

मला राग आला होता, पण कुणावर काढणार? चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी ठेवावी हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. माझ्या कपाटातही चार साड्या ठेवणीतल्या आहेत, आणि त्यांतल्या दोन आता मला होत नाहीत. ठेवणीतलं म्हणजे मानाचं. मुलीच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आणि आईने तिच्यासाठी कोरे बूट जपून आणलेले. यात मायेची कमी कुठेच नव्हती. पण पायाला मान कळत नाही, सवय कळते.

"जयश्री, तू काही बोलली नाहीस?"

"बोलले, काकू. माय म्हणाली, शेतातल्या रस्त्यावर वाटोळं होईल त्यांचं." मग हळूच म्हणाली, "मलाही वाटलं, आज कोरे असले तर बरं."

वेळ फार नव्हता. आजकालचे बूट मऊ असतात, माप बरोबर असेल तर दहा किलोमीटर कोऱ्या जोडात निभतात. निदान प्रयत्न तरी करू म्हणून मी तिला ते घालायला दिले आणि पायऱ्यांपासून फाटकापर्यंत पळून यायला सांगितलं. मागून बघत होते. प्रत्येक पावलाला टाच बुटातून वर येत होती.

मी बुटाची जीभ उलटी करून नंबर बघितला. सात.

"अक्का, मी सहा काढून ठेवला होता."

"भाऊले सांगं मी. भाऊ चांगला मानूस शे, त्यानी बदली दिना."

भाऊ म्हणजे आमचे हे. घरी गेल्यावर मी या चांगल्या माणसाला काय बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

लेस शेवटच्या भोकातून फिरवून टाच आवळून बांधली. पुन्हा पळवलं. तरी टाच उठत होतीच. बूट काढून बघितलं तर तेवढ्यात कातडी लाल झाली होती. दहा किलोमीटरला तिथे फोड येणार, फुटणार, आणि मग ती सातवीसुद्धा येणार नाही, हे मला समोर दिसत होतं.

"रोज पळतेस कशात?"

"जुन्यात."

"ते कुठे आहेत?"

जयश्रीने आईच्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं. अक्कांनी लुगड्याचे काठ घाईने खाली ओढले.

जरीकाठाच्या लुगड्याखाली जयश्रीचे जुने बूट होते. लेसच्या जागी लाल नाडा.

"गाडीम्हा गर्दी ऱ्हास," अक्का म्हणाल्या. "चप्पल निघी जास."

"आणि लेस?"

"लेस बकरीले बांधेल शे."

जयश्री हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मी तिला म्हटलं, "रडायचं असेल तर शर्यत झाल्यावर. आता पाय पुढे कर."

अक्कांनी बूट काढून दिले. मी हात घालून आतून चाचपले. एक नंबर मोठ्या पायाने घातले होते, पण टाच दडपून नाही, सगळा पाय आत घालून. वाटी जिवंत होती. आतली गादी मात्र दुकानात बघितली होती त्याहून वाईट. दगडावर पळाल्यासारखं होणार. नव्या बुटातली गादी काढून ह्यात घालावी लागणार होती, पण ती साताची होती आणि बूट सहाचा.

मी डब्यातून कात्री काढली आणि नव्या बुटातली गादी ओढून बाहेर घेतली.

"ए बाई!" अक्का उठून उभ्याच राहिल्या. "नवा बूटले कात्री?"

"बुटाला नाही, आतल्या गादीला."

"तेच ना! पूजा करेल शे त्यास्नी!"

आजूबाजूच्या दोनचार मुली आणि एक सर बघायला लागले. मी कात्री मांडीवर ठेवली. कापायचं तर अक्कांनी हो म्हटल्याशिवाय कापायचं नाही असं मी ठरवलं होतं. वस्तू त्यांची होती. मुलगीही त्यांची होती.

"अक्का, ऐका. हिला आज हे बूट होत नाहीत. होणारही नाहीत. जुने होतात, पण त्यांचा जीव गेलाय. नव्यातला जीव काढून जुन्यात घालायचा आहे. त्याला कात्री लागते. तुम्ही म्हणाल तसं करू."

अक्का त्या कोऱ्या बुटांकडे बघत राहिल्या. कुंकू लावलेल्या नाकाकडे, मग पोरीच्या लाल झालेल्या टाचेकडे. मैदानातून सरांनी मुलींना जमायला सांगितलं.

"काप," अक्का म्हणाल्या. आणि लगेच, "पन नीट काप."

जुनी गादी नव्या गादीवर ठेवून मी पेनाने कड ओढली आणि कापली. एकदा घालून बघितली, बोटांपाशी वळत होती, तिथे आणखी जराशी उतरवली. मग बसली. नव्या बुटांच्या लेस काढून जुन्यांना घातल्या. जयश्रीच्या पायात आईने बसस्टँडवर घेतलेले जाड सुती मोजे होते, नवेकोरे. तेही काढायला लावले. माझ्या स्वतःच्या पायातले मोजे पातळ होते, पुष्कळ धुतलेले, पळायचेच. ते काढून तिला दिले. गिऱ्हाइकाला वापरलेले मोजे देण्याची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. बोटांमध्ये, टाचेवर व्हॅसलीन. गाठ दोनदा.

"आता नीट ऐक," मी तिला म्हटलं. "मऊपणा मी घातलाय. पकड मात्र घालता येत नाही. तळ गुळगुळीतच आहे. सरळ रस्त्यावर काळजी नाही. परत येताना फाटकातून मैदानात वळशील तिथे मुरूम टाकलाय. बाकीच्या आतून वळतील. तू बाहेरून, डांबरावरून मोठं वळण घे. दोनचार पावलं जातील. जाऊ दे. घसरलीस तर सगळंच जाईल."

"हो काकू."

"पळून बघ."

ती फाटकापर्यंत जाऊन आली. टाच जागच्या जागी होती. ती न थांबता तशीच सुरुवातीच्या रेषेकडे गेली.

शिट्टी झाली आणि मुली फाटकातून हायवेकडच्या रस्त्याला लागल्या. पाच किलोमीटर जायचं आणि त्याच रस्त्याने यायचं, त्यामुळे मैदानावर थांबणाऱ्यांना मधलं काही दिसत नाही. अक्का गार फरशीवर अनवाणी उभ्या होत्या. मी डब्यातल्या लेस काढून कोऱ्या बुटांत ओवल्या, जुनी चपटी गादी आत सरकवली आणि बूट त्यांच्यासमोर ठेवले.

"घाला."

"नको माय. पोरना शेतस."

"पोरीला होत नाहीत. तुम्ही पाय गारठवून घेतल्याने ती लवकर येणार नाही."

त्यांनी घातले. मी सवयीने पुढे अंगठा दाबून बघितला. नखाएवढी जागा. त्या उठल्या, दोन पावलं चालल्या, थांबल्या, परत चालल्या. मग मैदानाच्या कडेने फेऱ्याच मारायला लागल्या. मला वाटलं काळजीने मारतायत. थोडं तेही असेल.

पहिल्या दोघी आल्या तेव्हा सगळे फाटकापाशी गेलो. मग तिसरी. मग अंतर. मग चौथी आणि पाचवी थोड्या मागेपुढे. त्यांच्यात जयश्री नव्हती. मी रस्त्याच्या टोकाकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकच होतं, की नवी गादी आत चिकटवलेली नाही, सरकली तर? चिकटपट्टी डब्यात होती आणि मी ती लावली नव्हती.

मग दोघी एकदम दिसल्या. शेजारीशेजारी. एक निळ्या शर्टातली, एक जयश्री. सहावी आणि सातवी.

फाटकाशी निळी मुलगी आतून वळली. जयश्रीने माझं ऐकलं. ती बाहेर गेली, डांबरावरून मोठं वळण घेतलं आणि मैदानात शिरली तेव्हा चांगली चार पावलं मागे पडली होती. माझ्या शेजारचे सर म्हणाले, "अरेरे, हे काय केलं पोरीने?" ते मी केलं होतं.

पुढचा टप्पा सरळ होता. टणक मातीचा, समोर शेवटची रेषा. तिथे जुन्या तळाचं काही अडत नव्हतं. कडेला बांधलेल्या दोरीच्या अलीकडून एक आवाज उठला, "पय व माय! पय!" अक्कांनी लुगडं एका हाताने पोटरीपर्यंत उचललं होतं आणि त्या दोरीच्या कडेकडेने, मुलीच्या बरोबरीने पळत होत्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. "पय! पय!" एका सरांनी त्यांना थांबवायला हात पुढे केला. अक्का त्यांना वळसा घालून पुढे गेल्या.

जयश्रीने त्या निळ्या मुलीला रेषेच्या अगदी जवळ गाठलं. खांदा पुढे गेला, मग छाती. रेषा ओलांडून ती वाकली, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. सरांनी बोट वर करून आकडा सांगितला. सहा.

लोक अभिनंदन करत होते. मी तिला खाली बसवलं, बूट काढले, मोजे उतरवले आणि आधी पाय बघितले. टाच स्वच्छ. बोटांमध्ये कुठे लाली नाही. नखं जशीच्या तशी. आयुष्यात मी पुष्कळ बूट विकले, पण दहा किलोमीटरनंतरचे इतके धड पाय क्वचित बघितले, आणि तेही मी विकलेल्या बुटात नव्हे. मी तिचे पाय मांडीवरून खाली ठेवले आणि मग म्हटलं, "शाब्बास."

अक्का धापा टाकत येऊन उभ्या राहिल्या. मायलेकी एकमेकींकडे बघत होत्या. मग जयश्रीची नजर खाली गेली.

"माय! ह्या तं मना बूट शेतस!"

कुंकू लावलेले कोरे बूट मैदानाच्या धुळीने माखले होते. अक्कांनी खाली बघितलं, पदर डोक्यावर घेतला.

"तुना कसा?" त्या म्हणाल्या. "तू तं एक दिन बी घालेल नही."

संघाबरोबर जायला तिला नवा जोड लागणारच होता. सोमवारी दुकानात या, मी स्वतः असेन, असं मी दोघींना बजावलं. पारोळ्याची बस यायची होती. मायलेकी फाटकाकडे निघाल्या, एक चपलांमध्ये, जुने बूट छातीशी धरून, दुसरी जरीकाठाच्या लुगड्यात आणि साताच्या बुटांत. सवयीने मी मागून अक्कांच्या टाचा बघितल्या. जागच्या हलत नव्हत्या.